टी-रेक्सच्या कुंपणापलीकडची दरी

परवा टिळकवाडीत मावसभावाकडं १९९३ चा 'जुरासिक पार्क' परत बघितलो आम्ही, आणि यावेळी चुका शोधायच्या म्हणूनच बसलेलो. टी-रेक्स कुंपण तोडून सपाट जमिनीवरनं चालत रस्त्यावर येते, बकरी पण तिथंच बांधलेली, आणि थोड्या वेळानं त्याच कुंपणापलीकडं एवढी खोल दरी की गाडी खाली झाडावर जाऊन अडकते! पार्कचा कॉम्प्युटरवाला नेड्री बंदरावरच्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोलतोय, पण स्क्रीनच्या खाली प्लेअरची पट्टी सरकताना स्पष्ट दिसते, म्हणजे रेकॉर्डिंगच लावलंय की. भाऊ म्हणाला, "थांबीव रे, परत दाव." मला विचारशीला तर दरीची चूक माफ, पावसातल्या त्या सीनची भीती इतकी खरी वाटते की जमिनीकडं लक्षच जात नाही. पट्टी मात्र खटकतेच.