छज्जा चारही बाजूंना सारखा का असावा?

कोल्हापुरात नवे घर बांधताना प्रत्येक खिडकीवर दीड फुटाचा सिमेंटचा छज्जा काढला, की ऊन-पावसाचा विषय मिटला असे धरून चालतात. मला हे पटत नाही. आपल्याकडे दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते आणि नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारा पाऊसही मुख्यतः त्याच बाजूच्या भिंती झोडपतो. त्यामुळे ऑनिंगवर, म्हणजे खिडकीवर बाहेरून बसवायच्या उतरत्या छपरावर, खर्च करायचाच असेल, तर तो चार दिशांना सारखा वाटण्याऐवजी आधी पश्चिमेला करावा.

उन्हाचा हिशेब सोपा आहे. कोल्हापूर साधारण 16.7 अक्षांशावर असल्याने उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जाही पुरतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे 50 अंशांवरच असतो. तेव्हा त्याच दीड फुटी छज्जाची सावली पावणेदोन फुटांच्या आसपास पडते आणि तिच्याखालून थंडीतले हवेसे ऊन घरात येते. उत्तरेकडे भर दुपारचा सूर्य मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच काय तो थोडा कलतो, आणि त्यातला बराचसा काळ ढगांत जातो. पश्चिमेचे गणित वेगळे आहे. एप्रिलच्या मध्यावर दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य जेमतेम 31 अंशांवर असतो, तेव्हा दीड फुटी छज्जाची सावली एक फूटही भरत नाही आणि खालची सगळी काच तापत राहते. चार फूट उंचीची खिडकी सपाट छज्जाने झाकायची, तर तो साडेसहा फूट पुढे काढावा लागेल, जे कोणी करणार नाही. त्याऐवजी तीन फूट पुढे येऊन दोन फूट खाली उतरणारी तिरकी ऑनिंग बसवली, तर त्याच वेळी जवळपास पूर्ण खिडकी सावलीत येते. बाहेरचे दृश्य थोडे कापले जाते, हे खरे. पण मे महिन्यात पश्चिमेच्या खोलीत दुपारी बसून दृश्य पाहणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आतून जाड पडदा लावून हे काम भागत नाही, कारण ऊन काचेतून आत येऊन पडद्याला तापवते आणि पडद्याची उष्णता मग खोलीतच राहते. ऑनिंग ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधी अडवते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार ऑनिंगमुळे उन्हाळ्यात खिडकीतून आत येणारी सौर उष्णता दक्षिणेला 65 टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेला 77 टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. तेथील सूर्याचे कोन वेगळे असल्याने हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत, परंतु पश्चिमेला फायदा अधिक हा त्यातला कल आपल्याकडेही खरा ठरतो.

पावसाचे म्हणाल, तर गगनबावडा, राधानगरीकडच्या जुन्या घरांना पश्चिमेच्या अंगाने पावसाळ्यापुरत्या झडी (पाऊस अडवणारे आडोसे) बांधण्याची रीत उगीच पडलेली नाही. तिरका पाऊस आधी शोधतो तो चौकट आणि भिंत यांच्यामधला सांधा. तिथून पाणी मुरले, की आतल्या गिलाव्याला पोपडे येतात, लाकडी झडप फुगते आणि पावसाळाभर खिडकी बंद ठेवावी लागल्याने खोलीला कुबट वास येतो. उतरत्या ऑनिंगखाली तीच खिडकी पावसातही थोडी उघडी ठेवता येते, आणि माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. वळवाचा पाऊस मात्र कोणत्या बाजूने येईल याचा नेम नसतो, त्याच्यासाठी खिडकी लावून घेणे एवढेच हाती उरते.

शिवाजी उद्यमनगरात सांगाडा करून देणारे फॅब्रिकेटर भरपूर आहेत आणि त्यांचा सल्ला बहुधा ठरलेला असतो : “सगळीकडं सारखंच बसवूया की, बघायला बरं दिसतंय.” तिथे थोडे ठाम राहावे. ऑनिंगसाठी पत्रा टिकाऊ असतो, पण मुसळधार पावसात त्याचा आवाज झोपू देत नाही. शिवाय भिंत आणि पत्रा यांच्यात वरून गरम हवा निघून जायला फट ठेवली नाही, तर ती खिडकीपाशीच कोंडते. या फटीवर पाणी अडवणारी पट्टी मात्र हवी. पॉलिकार्बोनेट (कडक प्लॅस्टिक) शीटची अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी बाजू वर आहे का, हे बसवतानाच पाहावे, कारण उलटी बसवलेली शीट लवकर पिवळी पडते. कापडी ऑनिंगला चार फुटांमागे एक फूट तरी उतार द्यावा, नाहीतर मध्ये पाणी साचून झोळी होते. वारा ऑनिंगला खालूनही उचलतो, त्यामुळे तिचे बोल्ट गिलाव्यात न अडकता पक्क्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेले पाहिजेत. आणि शेजाऱ्याची भिंत जवळ असेल, तर कडेला पन्हळ लावून पाणी आपल्याच हद्दीत उतरवावे. पेठेतल्या अरुंद बोळांत अर्धी भांडणे या पागोळ्यांवरूनच होतात.