डिझेल वाचवायला शिकवलं, अडलं ते चिठ्ठीवर

गाडी ॲव्हरेज किती देते, असं आमच्या संस्थेतल्या कोणत्याही चालकाला विचारलं की पूर्वी एकच उत्तर यायचं, "चिठ्ठीवर असतं तेवढं." यात विनोद काही नव्हता. वाशीच्या खेपेला अमुक लिटर, गुलटेकडीच्या खेपेला तमुक लिटर, असे आकडे कधीकाळी कुणीतरी ठरवून ठेवले होते आणि लेखा विभाग इमानेइतबारे तेवढ्याच लिटरची, पंपावर दाखवायची चिठ्ठी फाडत होता. मग गाडी नवी असो की जुनी, माल टोमॅटो असो की कोथिंबीर, रस्ता माळशेजचा असो की चाकणचा.

आम्ही जुन्नर तालुक्यातले. शेतकऱ्यांचा माल उचलून मुंबई-पुण्याच्या बाजारात पोचवायला संस्थेचे पिकअप आहेत आणि त्यांची देखरेख माझ्याकडे. डिझेल नव्वदीच्या घरात गेल्यापासून संचालकांच्या प्रत्येक बैठकीत इंधनाचा विषय निघायचा. शेवटी ते लोढणं माझ्या गळ्यात आलं: चालकांना प्रशिक्षण द्या, खर्च खाली आणा. पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत पीसीआरए ही संस्था 1978 पासून इंधन बचतीचं काम करते, तिची माहिती काढली. शिकवायला एसटीतून निवृत्त झालेले एक चालक मिळाले. त्यांना सगळे मामाच म्हणतात, मीही. जागा मिळाली, रविवार ठरला, पोहे झाले. तिथवर सगळं सुरळीत झालं, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मामांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "आत्ता केपीटीएल किती पडतोय?" दहा लिटरमागे गाडी किती किलोमीटर धावली, तो आकडा म्हणजे केपीटीएल. एसटीत सगळा हिशोब त्याच्यावर. गाडी डेपोत आली की टाकी भरायची, किती डिझेल बसलं ते लिहायचं. मी आमच्या चिठ्ठ्यांचं बाड त्यांच्यापुढे ठेवलं. चार पानं उलटून मामा म्हणाले, "ह्यात तुम्ही किती दिलं ते आहे. गाडीनं किती खाल्लं ते कुठाय?"

तिथेच घोडं पेंड खायला लागलं. मोजायची रीत सोपी आहे. टाकी फुल्ल करायची, किलोमीटर लिहायचे, खेप करायची, परत फुल्ल करायची. दुसऱ्यांदा जेवढं बसलं तेवढं खाल्लं. पण ठरावीक लिटरचीच चिठ्ठी असेल तर टाकी फुल्ल होणार कशी? महिन्याच्या बेरजेवरून गाडीचा ढोबळ अंदाज निघाला असता म्हणा, पण आमच्या गाड्या चालकांमध्ये फिरतात, आणि उरलेलं डिझेल टाकीतच राहतं असं छातीठोकपणे सांगायची माझी तयारी नव्हती.

मी लेखा विभागात गेलो. म्हटलं, भाऊसाहेब, थोडे दिवस फुल्ल टाकीची चिठ्ठी द्या. भाऊसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "आकडा किती लिहू?" म्हटलं, बसेल तेवढा. "अहो, बसेल तेवढा म्हणजे मी कोऱ्या चेकवर सही केल्यासारखं झालं. ऑडिटला तुम्ही उत्तर देणार का?" प्रश्न अगदीच गैर नव्हता, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. पण मार्ग काढायची इच्छाही कुठे दिसेना. म्हणाले, संचालक मंडळाचा ठराव आणा.

पुढच्या बैठकीपर्यंत थांबलो. ठराव झाला. तो घेऊन गेलो तर म्हणाले, हा 'चालक प्रशिक्षण' या शीर्षाखाली आहे, डिझेल 'वाहतूक खर्चा'त जातं, ह्या ठरावावर त्या खात्यातून चिठ्ठी निघत नाही. पुन्हा बैठक. दुरुस्त ठराव आला तोवर मार्च उजाडला. मार्चमध्ये लेखा विभागाला काही विचारायचं नसतं, हे सहकारी संस्थेत काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. एप्रिलमध्ये भाऊसाहेब रजेवर, त्यांच्या जागी आलेल्या मुलाला चिठ्ठीपुस्तकाच्या कपाटाची किल्ली कुठे असते तेही माहीत नाही. इकडे मामा फोन करून विचारायचे, "काय साहेब, मोजमाप झालं का?" दर वेळी त्यांना काय सांगावं ते सुचायचं नाही. चालकही टोमणे मारायला लागले, की पोहे खाऊन प्रशिक्षण संपलं वाटतं.

अखेर वाट निघाली ती पंपावरच्या पोराच्या एका वाक्याने. तो म्हणाला, आमचं मशीन छापील पावती देतं, लिटर-पैशांसकट. मग चिठ्ठीचा नवा नमुना मीच टाइप करून नेला. त्यात गाडी नंबर, मीटरवरचं वाचन, वरची मर्यादा म्हणून टाकीच्या मापाएवढे लिटर, आणि 'प्रत्यक्ष भरलेले लिटर' हा रकाना रिकामा. तो पंपावर भरायचा आणि छापील पावती टाचून परत आणायची. भाऊसाहेबांची सही मर्यादेवर, ऑडिटला पुरावा पावतीचा. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे आधी आणायचं ना." मी काही बोललो नाही, पण राग अजून गेलेला नाही. कुणाला असं काही करायचं असेल तर ठरावाच्या नादी लागू नका. आधी पंपाची पावती बघा, नमुना स्वतः तयार करा आणि थेट सहीलाच ठेवा.

बरं, कागद सुटला तर माणसं अडली. चालकांचं म्हणणं होतं की आज गाडीने लिटरला बाराचं ॲव्हरेज दाखवलं तर उद्यापासून बाराच्याच हिशोबाने डिझेल मिळणार, आणि चाकणला तीन तास अडकलो तर कमी पडलेलं खिशातून भरायचं का? मला हे शंभर टक्के पटलं. म्हणून लेखी दिलं, की या मोजणीवरून सहा महिने कुणाचं डिझेल कापलं जाणार नाही. हा कागद भिंतीवर चिकटवला, तेव्हा कुठे खरे आकडे यायला लागले. त्याआधीची मोजणी मी फेकून दिली.

आता मामांनी शिकवलं काय, ते. सर्वांत मोठी लढाई न्यूट्रलची. भरलेली गाडी माळशेजच्या उताराला लागली की आमची निम्मी मंडळी न्यूट्रल करायची, एक-दोघे तर इंजिनही बंद करायचे. जुन्या गाड्यांपासूनची सवय. हल्लीच्या डिझेल गाड्यांत गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडायचंच थांबवतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःला चालू ठेवायला डिझेल पितं. म्हणजे बचत राहिली बाजूला, उलट इंजिनाचा ब्रेक हातचा जातो. इंजिनच बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर जातो, पॅडल दगडासारखं होतं. पटेनात तेव्हा मामांनी नोव्हेंबर 2022 मधला पुण्याच्या नवले पुलाचा अपघात काढला. उतारावर ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या ठोकरल्या होत्या आणि चालकाने इंजिन बंद केल्याचं तेव्हा पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं होतं. त्यावर कुणी वाद घातला नाही.

दुसरं म्हणजे वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून साठऐवजी ऐंशीने गेलात तर तो पावणेदोन पटीहून जास्त होतो. पिकअपची उभी भिंतीसारखी पाठ आणि फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालते. ताडपत्री चारही बाजूंनी ताणून बांधा, यात एक पैसा खर्च नाही. मामांचा आवडता धडा वेगळाच होता: ब्रेक लावायची वेळ येऊ देऊ नका. पुढचा सिग्नल, पुढची एसटी, पुढचा गतिरोधक लांबूनच बघायचा आणि आधीच पाय उचलायचा. जेवढा ब्रेक मारला तेवढं डिझेल आधी फुकट जाळलेलं असतं. गियर लवकर टाका, इंजिन ओरडायच्या आत. पण चढाला ओढून ताणून वरच्या गियरमध्ये रडवू नका, ते पण महाग पडतं.

वाशीला गेटच्या रांगेत रात्री इंजिन चालू ठेवून झोपणारे होते. उभ्या पिकअपलाही तासाला अर्धा-पाऊण लिटर लागतं. हे ऐकून एकजण म्हणाला, मग डास चावतात त्याचं काय? त्याला संस्थेने मच्छरदाणी दिली. ती खरेदी लेखा विभागाने एका दिवसात मंजूर केली, कोणत्या शीर्षाखाली ते मी विचारलं नाही.

मोजणीबद्दल सांगायचं राहिलं. दर वेळी तोच पंप, शक्यतो तोच नोझल, गाडी सपाट जागेवर आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाला की थांबायचं. "अजून थोडं बसतंय" म्हणत वर भरलं की फेस धरून हिशोब बिघडतो. एका भरण्यावरून निष्कर्ष काढू नका. चिठ्ठीवर क्रेटची संख्याही लिहा. टोमॅटोचा क्रेट वीस किलोचा, त्यामुळे वजन आपोआप कळतं आणि भरलेल्या गाडीची तुलना रिकाम्या गाडीशी होत नाही. मीटर बंद असेल तर आधी तो दुरुस्त करा. आमचे कितीतरी बंद होते.

हवा थंड टायरमध्ये तपासायची, घाट उतरून आल्यावर नाही. कार्यालयातले स्वतःच्या कारवाले लोकही शिकायला बसले होते. त्यांना मामांनी एवढंच सांगितलं, की डिकीतलं सामान काढा, सकाळी गाडी जागेवर तापवत बसू नका, चालू करून हळू निघा, आणि क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नका.

आमची दहा-साडेदहा देणारी एक गाडी आता त्याच रस्त्याला, तेवढ्याच मालाला बाराच्या आसपास देते. शंभर किलोमीटरला सव्वा लिटर, म्हणजे शंभराच्या वर रुपये वाचतात. सगळ्यांचं एवढं सुधारलेलं नाही. दोघांचं जिथल्या तिथेच आहे, पण त्यांच्या वाट्याला चाकणचा रस्ता येतो, त्यांना मी दोष देत नाही.

वाचलेल्या पैशांतला काही वाटा चालकाला मिळावा, असा अर्ज मी केला आहे. तो मंजूर झाला तरच हे टिकेल असं माझं मत आहे, कारण सहा महिन्यांची ती लेखी हमी संपत आली आहे. अर्ज सध्या भाऊसाहेबांच्या टेबलावर आहे. त्यांनी विचारलंय, हा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा. या वेळी शीर्ष, रकाने आणि पावती असं सगळं टाइप करूनच घेऊन जाणार आहे.