आप्पांजवळ रडला

सकाळी, रात्री शेतात पाणी भरणाऱ्या आप्पांनी दारात उभ्या उभ्याच सांगितलं. "माय, पोऱ्या रडना मनजोडे. कोनले सांगू नको म्हने." कापसाचं गाठोडं ओट्यावर टाकलं आणि निघून गेले.

दिवसभर तेच डोक्यात. माझा आठवीतला दादू रडला, बरंच झालं. दिवाळीपासून रडला नव्हता तो. नुसती चिडचिड, ताट सरकवणं, दार लावून घेणं. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलंच होतं, या वयात नैराश्य उदास चेहऱ्यानंच येतं असं नाही, पुष्कळदा रागातून दिसतं. म्हणजे मला हायसं वाटायला हवं. पण आप्पांजवळ? माझ्याजवळ का नाही? मध्यरात्री टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनच्या, १४४१६ ला फोन लावला मी. शाळेत जाऊन बोलले मी. एसटीनं प्रत्येक तारखेला नेते मी. ह्यांचं तर जाऊच दे.

माझ्या कुशीत का नाही रडला?

समुपदेशक ताईंनी त्याला आशेचे सहा प्रश्न दिले होते. स्नायडर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मुलांसाठी केलेले. मोठेपणी कोण होणार, असलं त्यात काही नाही. अडचण आली तर वाट सुचते का, आणि त्या वाटेनं आपल्याला जाता येईल असं वाटतं का, एवढंच. दादूनं सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण केली होती. तो कागद मी अजून कपाटात ठेवलाय. ताई म्हणाल्या होत्या, मदतीला किती माणसं धावतात त्यापेक्षा आपलं कुणीतरी आहे असं मुलाला वाटणं जास्त मोलाचं.

हरभऱ्याला सध्या रात्रीची लाईट. आप्पा पाणी भरतात, दादू बॅटरी धरतो. दांड फुटला की फावड्यानं माती ओढायची, पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचं. तिथं त्याला वाट सुचते, आणि हातानं ती होतेही. शिवाय अंधारात त्याच्या तोंडाकडे कुणी बघत नसतं. मी बघते. जेवताना, झोपताना, सारखी. आईनं नाही बघायचं तर कुणी? पण एवढ्या नजरेखाली रडता येत नसेल कुणालाही.

संध्याकाळी आप्पांना एवढंच विचारलं, जिवाचं काही वेडंवाकडं बोलला का. "नही माय, ते मी इचारी लिधं." बाकीचं त्यांनी सांगितलं नाही, मीही खोदलं नाही. त्यानं त्यांच्यावर ठेवलेला विश्वास मला मोडायचा नाही. टोचतं, पण त्याला कुणीतरी आहे. ते मी नसले तरी आहे.

हे म्हणतात, बिबट्या फिरतोय, आठवीचं वर्ष आहे, रात्रीचं शेत बंद. बिबट्याचं खरं आहे. शेजारच्या शेतातल्या दोघांना सोबतीला सांगून ठेवते. पण बंद नाही. या आठवड्यात लाईट दहाला येते, दोघांच्या कळण्याच्या भाकरी त्याआधी बांधून ठेवायच्या आहेत.