हिरोले व्हिलन कायले केला?

रविवार, रात्री

धान चुरून झाले, पोती घरात लागली, तरी पुतण्याचं डोकं ठिकाणावर नाही. आज जेवताना पुन्हा तोच विषय. हॉलिवूडचा नट रॉबर्ट डाउनी ज्युनियर म्हणजे मार्व्हलच्या सुपरहिरो सिनेमांतला त्याचा आयर्न मॅन, आणि आता त्यालाच तिथला खलनायक डॉक्टर डूम केलंय. बातमी जुनी आहे. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात हिरवा झगा घातलेल्या माणसानं मुखवटा काढला, आत हा निघाला आणि सभागृह आनंदानं ओरडलं. आमच्या घरात मात्र सुतक लागलं. 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे' या चित्रपटासाठी १८ डिसेंबर २०२६ ही तारीख दिलीय, तोवर ते काही फिटत नाही.

"काका, ज्याच्यासाठी रडलो त्याच्याच तोंडाले आता शिव्या द्याच्या का?"

मी त्याला आमच्या झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवेड्या मुलखाचा, दाखला दिला. दिवाळी झाली की वडसाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, होळीपर्यंत मंडईच्या जत्रा नि शंकरपटाच्या बैलशर्यतींच्या निमित्तानं रात्रभर नाटकं चालतात. परवा ज्यानं बहिणीच्या लग्नासाठी शेत विकलं आणि बायाबापड्यांना रडवलं, तोच आज शेजारच्या गावात दारूडा सावकार असतो. कोणी हरकत घेत नाही. उलट, याला हेही जमते का, म्हणून लोक दोन कोस जास्त जातात.

"ते नाटक येगळं न काका," तो म्हणाला. "इथं गोष्ट एकच हाय. २००८ पासून."

पोरगं बरोबर बोललं. २००८ ते २०१९ एकाच गोष्टीत जो माणूस वाढला आणि शेवटी जगासाठी मेला, त्याचाच चेहरा त्याच गोष्टीत परत आणायचा आणि म्हणायचं, हा दुसरा. सावकाराचं तसं नसतं. आमच्या नाटकात पडदा पडला की गोष्ट संपते.

गंमत अशी की २००८ च्या पहिल्या 'आयर्न मॅन'साठी डाउनीच नको होता. त्याचं व्यसन, तुरुंगवास, सगळं ताजं होतं. स्टुडिओ कां-कूं करत होता, दिग्दर्शक जॉन फॅवरोनं हट्ट धरला. पुतण्या तेव्हा पाळण्यात होता, त्याला हे काय ठाऊक. आणि त्याच्याही आधी, १९८९ च्या बॅटमॅनसाठी मायकल कीटनला घेतलं तेव्हा म्हणे पन्नास हजारांच्या घरात निषेधाची पत्रं गेली होती. हा विनोदी नट, याला काय जमणार? पुढे जमलं. तेव्हापासून कोणी शंका काढली की कीटनचं नाव पुढे करून त्याला गप्प बसवतात. हे मला पटत नाही. लोक एकदा चुकले म्हणून दर वेळी चुकतात का?

कारण डूमच्या बाबतीत एक हरकत खरोखर वजनाची आहे आणि ती पुतण्याच्या रडण्याखाली दबून जाते. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बीनं हे पात्र आणलं, आणि पुढे त्याची जन्मकथा लिहिली गेली ती रोमा आईबापांच्या पोटची. रोमा म्हणजे युरोपातले भटके. त्यांची भाषा आपल्याच भाषांच्या कुळातली, पूर्वज इकडूनच गेलेले. ज्या जमातीला गावाबाहेर हाकललं, तिच्यातला हुशार पोरगा रागानं राजा होतो, ही त्या खलनायकाची मुळं. ती भूमिका त्यांच्यातल्या कोणाला का नाही, असं काहींनी विचारलं. सुगी आटोपली की आमच्या गावाबाहेरही पालं पडतात. कढई-विळे घेताना आम्ही घासाघीस करतो, पण पालातल्या माणसाला नाटकात राजा केलेलं मी तरी पाहिलं नाही. हमाल, चोर, फार तर हसवणारा गडी.

माझी स्वतःची कुरकुर आणखी वेगळी. डूम हा मुखवट्यातला माणूस. कॉमिकमध्ये तो लोखंडाचं तोंड क्वचितच काढतो. मग ज्याचं तोंडच दिसायचं नाही त्याच्यासाठी जगातलं सगळ्यात महागडं तोंड कशाला? उत्तर पुतण्याला सांगितलं नाही, कारण ते आमच्याकडेच सापडतं. झाडीपट्टीत शेकडो नट घाम गाळतात, गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्रीही मिळाली, तरी पोस्टरवर मोठा फोटो कोणाचा? मुंबईहून आणलेल्या मालिकेतल्या बाईचा. बाई दोन प्रवेशांत येते, संवाद अडखळत म्हणते, टाळ्या घेते. रात्रभर नाटक ओढून नेणारा आमचा नट खाली कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढा. कंपनीवाल्याला विचारा, तो म्हणेल, तंबू भरायचा आहे ना भाऊ.

पुतण्या चित्रपटाला जाणार नाही म्हणतोय. बघू. इकडे पुढच्या आठवड्यातल्या नाटकाचा दर त्या मुंबईवाल्या बाईमुळे वाढलाय, आणि वहिनीनं घरातल्या सगळ्यांची तिकिटं पहिल्याच दिवशी काढून ठेवलीत. पुढच्या रांगेतली.