सकाळी पळतं, दुपारी अडतं

दिवाळीच्या आगेमागे लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक चढते, तेव्हा काकांच्या आडतीवर कुणाला उसंत नसते. नेमकं तेव्हाच हिशोबाचं मशीन, म्हणजे तिथला कॉम्प्युटर, अडायला लागलं. सकाळी झकास चालायचं, पण दुपारी एकेका पट्टीला, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या कागदाला, दोन-दोन मिनिटं. मुनीमजींचा फोन यायचा, "दादा, पट्टीच निघंना गेलीय. माणसं ताटकळायलीत."

बंद करून चालू केलं की पुन्हा पळायचं. आठवडाभर मी फोनवरून तेच सांगत राहिलो. ही माझी चूक, कारण दर वेळी सगळा पुरावाच पुसला जात होता.

शेवटी एका दुपारी म्हटलं, हात लावू नका, मी येतो. लिनक्सचं मशीन, 4 जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. मशीनवर काय चाललंय ते दाखवणारी 'टॉप' कमांड लावली तर लोड, म्हणजे कामाच्या रांगेतल्या प्रोसेसची (चालू प्रोग्रॅमची) सरासरी, 11, आणि प्रोसेसर मात्र रिकामा! 'डब्ल्यूए', म्हणजे प्रोसेसरचा डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, 80 टक्क्यांच्या पुढे. म्हणजे सगळ्या प्रोसेस डिस्कच्या दारात रांग लावून उभ्या. लिनक्स अशा थांबलेल्या प्रोसेसही लोडमध्ये धरतं, त्यामुळे नुसता लोड बघून प्रोसेसरला दोष देऊ नये.

मग मेमरीची ये-जा दाखवणारी व्हीएमस्टॅट कमांड दर सेकंदाला चालू केली. पहिली ओळ सोडायची, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. खालच्या ओळींत 'एसआय' (डिस्कवरून रॅममध्ये येणारं) आणि 'एसओ' (रॅममधून डिस्कवर जाणारं) हे दोन्ही रकाने हजारांत, आणि थांबायचं नाव नाही. रॅममध्ये जागा नाही म्हणून मेमरीची पानं (तुकडे) डिस्कवरच्या स्वॅप नावाच्या राखीव जागेत जात होती, आणि लगेच तीच परत लागत होती. रॅमचं काम नॅनोसेकंदांत होतं, फिरत्या डिस्कला काही मिलिसेकंद लागतात. स्वॅप थोडं भरलेलं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, न लागणारी पानं तिथं पडून राहतात. खरा आजार ही अखंड ये-जा.

हे कोण करतंय? लिनक्स प्रत्येक प्रोसेसची माहिती 'प्रोक' फोल्डरमध्ये दाखवतं; तिथल्या स्टेटस फायलींतली 'व्हीएमस्वॅप'ची ओळ, म्हणजे कुणाचं किती स्वॅपमध्ये आहे ते, प्रत्येक प्रोसेससाठी पाहिली. सगळ्यात वर मायएसक्यूएल हा हिशोबाचा डेटाबेस, त्याखाली ब्राउझर. त्याचा बफर पूल, म्हणजे डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा, 3 जीबी मीच ठेवला होता, त्या मशीनवर दुसरं काहीच चालत नव्हतं तेव्हा. पुढे त्यावरच भाव बघायला ब्राउझर आला, दिवसभर उघडाच. आणि बफर पूल पहिल्याच मिनिटाला रॅम अडवत नाही, जसजसा डेटा वाचला जाईल तसतसा भरतो. सकाळ-दुपारचं कोडं तिथं सुटलं.

आधी स्वॅपीनेस, म्हणजे लिनक्सनं स्वॅपकडे किती लवकर वळायचं ती सेटिंग, 60 वरून 10 केला. काही फरक नाही. जागाच अपुरी, तिथं त्यानं काय होणार? मग बफर पूल 1 जीबीवर आणला, मायएसक्यूएल पुन्हा चालू केलं, ब्राउझर दुसऱ्या मशीनवर हलवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मुनीमजींच्या शेजारी व्हीएमस्टॅट लावून बसलो. एसआय शून्य, एसओ शून्य. काट्यावरून चिठ्ठी आली, त्यांनी वजन टाकलं, आणि पट्टी प्रिंटरमधून बाहेर. औशाकडच्या एका आजोबांनी ती घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि उजेड असतानाच एसटी धरायला निघाले.