४२, ३ आणि २

परराज्यातल्या माणसाला हे समजावून सांगणं म्हणजे डोक्याला ताप. ऑफिसात एक बंगळुरूचा मुलगा आहे, तो परवा म्हणाला तुम्ही महाराष्ट्रवाले ४२ वेळा रणजी (देशातल्या टीमांची मोठी क्रिकेट स्पर्धा) जिंकलात, मग रडता कशाला? अरे बाबा ती मुंबई. महाराष्ट्राची टीम म्हणजे आम्ही, पुणे नाशिक कोल्हापूर वगैरे, आणि आमच्या नावावर दोनच ट्रॉफ्या, त्याही १९३९-४० आणि १९४०-४१ च्या. विदर्भ परत वेगळा, त्यांच्या तीन. एका राज्यात तीन टीम आणि आम्ही तिसरे. घ्या.

तर हा ब्लॉग एका जळक्या पुणेकराने लिहिलेला आहे हे आधीच सांगून ठेवतो.

रणजी सुरू झाली १९३४ मध्ये. क्रिकेट बोर्डाच्या सिमल्याच्या मीटिंगमध्ये अँथनी डिमेलोनी ट्रॉफीचं चित्र पुढे ठेवलं, पतियाळाच्या महाराजांनी ५०० पौंड देतो म्हणून जाहीर करून टाकलं आणि आदल्याच वर्षी वारलेल्या क्रिकेटपटू रणजितसिंहांचं नाव ट्रॉफीला दिलं. पहिली मॅच नोव्हेंबरमध्ये मद्रासच्या चेपॉक ग्राउंडला, मद्रास विरुद्ध म्हैसूर, आणि ती एकाच दिवसात संपली! रामसिंगने ११ विकेट काढल्या. पहिली ट्रॉफी कुणाची? मुंबईची, दुसरं कोण.

पण गंमत अशी की तेव्हा खुद्द मुंबईत रणजीला फारसं कुणी विचारत नव्हतं. पब्लिक जायचं ते पंचरंगी बघायला. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि बाकीचे अशा धर्मावर पाडलेल्या टीम, आणि ब्रेबर्न गच्च भरायचं. १९४० मध्ये गांधीजींनीच हे बरोबर नाही म्हणून सांगितलं, तरी ते लगेच बंद पडलं नाही, शेवटची पंचरंगी १९४६ ची. तोवर रणजी बिचारी दुय्यमच होती. म्हणजे आज स्टेडियम रिकामं दिसलं की लोक 'काय दिवस आले रणजीवर' म्हणतात ना, तर ते दिवस बऱ्यापैकी आधीपासूनचेच आहेत.

आमच्या दोन ट्रॉफ्या आणल्या त्या प्रोफेसर देवधरांनी. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारा माणूस, जन्म १८९२ चा, म्हणजे कॅप्टन म्हणून रणजी जिंकली तेव्हा वय ४८. या वयात आमच्याकडे लोक गुडघ्याला तेल लावून बसतात. वर त्यांनी १९४०-४१ ला मुंबईविरुद्ध २४६ मारले. टीममध्ये विजय हजारे पण होता, आदल्या सीझनला पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६, रणजीतलं पहिलं त्रिशतक. मग हजारे बडोद्याला गेला आणि तिथे १९४६-४७ च्या फायनलमध्ये गुल महंमदबरोबर होळकर टीमविरुद्ध ५७७ ची पार्टनरशिप करून बसला. सांगलीचा पोरगा, गायकवाडांच्या टीमकडून, होळकरांच्या टीमविरुद्ध. मराठी माणसाने रणजी गाजवली यात वाद नाही, फक्त आमच्यासाठी नाही गाजवली.

आता खरं दुखणं. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं ग्राउंड, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ ऑलआउट. आणि मग आमचा भाऊसाहेब निंबाळकर जो उभा राहिला तो राहिलाच. भांडारकरबरोबर ४५५ ची पार्टनरशिप, भांडारकर २०५ वर गेला, हा खेळतोय. तिसऱ्या दिवशी लंचला स्कोअर ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा वर्ल्ड रेकॉर्ड ४५२ चा, म्हणजे बरोबरी करायला नऊ रन कमी. तर काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले डाव घोषित करा नाहीतर आम्ही चाललो. आमच्या कॅप्टनने विनवलं की हो दोन ओव्हर द्या, रेकॉर्ड होतोय. ऐकलं नाही. सामान बांधलं, मॅच सोडली, गेले. रेकॉर्ड आपल्याविरुद्ध झाला अशी नोंद नको म्हणून म्हणे. आज ७५ वर्षं उलटून गेली, फर्स्ट क्लासमध्ये (म्हणजे रणजी, टेस्ट अशा मोठ्या मॅचमध्ये) दुसऱ्या कुठल्या भारतीयाने ४०० मारलेले नाहीत. आणि निंबाळकरला एकही टेस्ट मिळाली नाही, एकही. २०१२ ला गेले ते.

त्याच सीझनला, त्याच पुण्यात, सेमीफायनल. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७, मुंबई ८ बाद ७१४, महाराष्ट्र ६०४. बेरीज करा, २३७६ होते, एका फर्स्ट क्लास मॅचमधल्या रनांचा वर्ल्ड रेकॉर्ड, अजून टिकून आहे. चौथ्या डावात ६०४ काढून आम्ही ३५४ रननी हरलो. यावर काय बोलणार.

नंतर मुंबईची दादागिरी, १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वेळा. आम्हाला निदान सवय झाली पण राजस्थानचे हाल बघा, त्या काळात सात वेळा फायनलला मुंबईकडून हरले. मुंबईला १९७३-७४ मध्ये सेमीफायनलला एकदाचं कर्नाटकने आडवं केलं, तर फायनलमध्ये त्याच कर्नाटककडून राजस्थान परत हरलं. त्यांना ट्रॉफी मिळाली ती थेट २०१०-११ ला.

खरं तर मुंबईवर जळताना पण एका माणसापुढे मी हात जोडतो, पद्माकर शिवलकर. १९७२-७३ ची फायनल चेपॉकला, स्पिनला बनवलेलं पिच तामिळनाडूचं, आणि त्यांनाच ८० आणि ६१ मध्ये गुंडाळलं. शिवलकरने ८ विकेट १६ रनमध्ये आणि ५ विकेट १८ रनमध्ये. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच बॉलला मॅच खल्लास. त्यांनाही टेस्ट नाही. हरियाणाच्या राजिंदर गोयलनी रणजीत ६३७ विकेट काढल्या, त्यांनाही नाही. पुढे बिशनसिंग बेदी उभा होता, तोही त्यांच्यासारखाच डावखुरा स्पिनर, मान्य, पण एखादी तरी?

आणि १९७०-७१ सांगायचं राहिलंच. गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मांकड सगळे भारताच्या टीमबरोबर वेस्ट इंडिजला. मुंबईची अर्धी टीम गायब, कॅप्टन सुधीर नाईक, समोर फायनलला आम्ही. हरलो! याच्यापेक्षा सोपी फायनल कुणी ताटात वाढून देणार होतं का?

मधे एकदा जीव गार झाला तो १९९१ ला, हरियाणाने वानखेडेवर मुंबईला दोन रननी हरवलं, वेंगसरकर नाबाद १३९, समोर कुरुविला रनआउट. पण ते सुख उसनं. स्वतःचं सुख म्हणजे जानेवारी २०१४, वानखेडेवरच क्वार्टर फायनल, २५२ चं टार्गेट, केदार जाधव १२० आणि विजय झोल ९१, दोघंही नाबाद, आठ विकेटने जिंकलो. केदारने त्या सीझनला १२२३ रन काढले. मग फायनलला हैदराबादमध्ये कर्नाटकने सात विकेटने हाणलं.

तोवर विदर्भाला आम्ही गृहीतच धरत नव्हतो. मग चंद्रकांत पंडित तिकडे कोच झाले, वासिम जाफर तिकडे खेळायला गेला, २०१७-१८ ला दिल्लीला फायनलमध्ये हरवलं, गुरबानीची हॅटट्रिक, लगोलग २०१८-१९, आणि २०२४-२५ ला तिसरी. ती शेवटची फायनल केरळविरुद्ध ड्रॉ, पहिल्या डावातल्या लीडवर जिंकले, हर्ष दुबेच्या त्या सीझनच्या ६९ विकेट. पहिल्या डावाच्या लीडवर ट्रॉफी देणं मला अजिबात पटत नाही, फायनलला तरी निकाल लागेपर्यंत खेळवा की, पूर्वी सात सात दिवस खेळायचेच ना. हे मी नागपूरच्या मित्राला म्हटलं तर तो म्हणे तुम्ही निदान लीड तरी घेऊन दाखवा.