परतीच्या भाड्याचे भांडण

वर्धा जिल्ह्यातल्या जाम चौरस्त्यावर मुक्कामाला कोणी येत नाही, पण अर्ध्या विदर्भाला कधी ना कधी तेथे उतरून गाडी बदलावी लागते. नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 44 येथून जातो, वरोरा-चंद्रपूरकडचा रस्ता येथेच फुटतो आणि वर्धा, समुद्रपूर, गिरड या बाजूंना जाणारे लोकही येथेच ताटकळत असतात. त्यांच्या भरवशावर चौरस्त्यावर काळी-पिवळी जीपगाड्यांचा जुना स्टँड चालतो. त्याच रांगेच्या मागे पिवळ्या पाटीच्या दोन-चार मोठ्या गाड्या उभ्या असतात. त्या ‘स्पेशल’वर जातात, म्हणजे रुग्णाला नागपूरला मेडिकलमध्ये न्यायचे, लग्नाचे पाहुणे आणायचे किंवा विमानतळावरून कोणाला घरी पोचवायचे. स्पेशलचे भाडे नेहमीच जाण्या-येण्याचे धरले जाते, कारण एका बाजूने गाडी रिकामीच धावणार हे देणाऱ्यालाही ठाऊक असते.

मी परिवहन खात्यात मोटार वाहन निरीक्षक आहे. 2024 च्या दिवाळीनंतर, विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना, आमचे वायुवेग पथक महामार्गावर तपासणीसाठी उभे होते. तेवढ्यात चौरस्त्यावर गाडी अडवली असून वातावरण तापले आहे, असा निरोप आला. भाऊबीज नुकतीच आटोपली होती आणि माहेराहून परतणाऱ्या बायका, त्यांच्या पिशव्या आणि लेकरे यांनी चौरस्ता भरून गेला होता. गर्दीच्या मधोमध नागपूर पासिंगची एक लहान पांढरी गाडी होती. तिच्या पुढे काळी-पिवळी आडवी लावलेली होती आणि मागच्या एका चाकातली हवा सोडलेली होती. गाडीत एक म्हातारे गृहस्थ, पाठीवर दप्तर असलेला एक विद्यार्थी आणि तान्हे मूल घेतलेली एक बाई असे तिघे प्रवासी होते. चालक पंचविशीच्या आतला पोरगा होता आणि त्याने काचा वर करून घेतल्या होत्या.

स्टँडवर नंबर लिहिण्याचे काम एक वयस्क चालक करतात. त्यांना सगळे काका म्हणतात. काखेत लांबट वही धरून तेच पुढे आले. “साहेब, हा रोज येऊन रायला. नागपूरहून ॲपचं भाडं आणते, हिंगणघाटले सोडते आन् वापस जाताना आमच्या डोळ्यांदेखत सीट भरते. आमची पोरं सकाळपासून नंबरात बसून हायेत. याची गाडी जमा करा.” मागून कोणीतरी ॲप कंपनीकडे परवानाच नसल्याचे ओरडले. तो मुद्दा अगदीच निराधार नव्हता. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 93 मध्ये अशा कंपन्यांसाठी परवाना आला आणि त्यासाठी अर्ज करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये कंपन्यांना बजावले होते. पण ती कंपनी आणि शासन यांच्यातली गोष्ट होती. माझ्यासमोर एक गाडी आणि एक चालक उभा होता.

गाडीचे कागद मी बारकाईने पाहिले. परमिट, विमा, फिटनेस, पीयूसी, चालकाचा बिल्ला, सारे चालू होते. ॲपमध्ये मात्र परतीच्या प्रवासाचे एकही बुकिंग नव्हते. म्हणजे ज्या ॲपच्या नावाने एवढा गदारोळ चालला होता, त्याचा या तीन प्रवाशांशी काही संबंधच नव्हता. चालकाने ते लगेच कबूल केले. हिंगणघाट ते नागपूर साधारण पाऊणशे किलोमीटरचे अंतर आहे. कंपनी प्रवाशाला एकाच बाजूचे भाडे दाखवते, त्यातून आपले कमिशन कापते, बोरखेडीचा टोल आणि इंधन चालकाच्या गळ्यात पडते, आणि परत येण्याबद्दल कोणीच काही बोलत नाही. “सर, हिंगणघाटले ॲप उघडलं का नकाशात मी एकटाच दिसतो. बुकिंग कोण करणार? दीडशे रुपये सीटनं तीन सीट भेटल्या तर डिझेल निघते.”

प्रवाशांना त्याने आधीच पढवून ठेवले असावे. तिघेही एकाच घरचे असल्याचे त्यांनी सांगितले. मी म्हाताऱ्या गृहस्थांना बाजूला घेऊन तो विद्यार्थी त्यांचा कोण लागतो असे विचारले. “भाचा हाये जी.” नाव विचारल्यावर त्यांनी एकदा त्या मुलाकडे पाहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, “घरी आमी बाल्याच म्हन्तो.” बाल्याला हसू आवरेना. स्पर्धा परीक्षेच्या वर्गासाठी नागपूरला निघालो आहे, नांदोरीला गाडीत बसलो, सोबतचे म्हातारे गृहस्थ हिंगणघाटपासून होते आणि ताई आत्ता जामला चढल्या, असे त्याने सरळ सांगून टाकले.

प्रकरण येथे खऱ्या अर्थाने उभे राहिले. स्टँडवाल्यांचे म्हणणे असे की त्याने सुटे सुटे सीटचे भाडे घेतले, म्हणून तो गुन्हेगार. रस्त्यावर हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कंत्राटी वाहनाची, म्हणजे करार करून पूर्ण भाड्याने घेतलेल्या गाडीची, जी व्याख्या आहे, तिच्यात चालक सोडून सहापर्यंत प्रवासी नेणारी मोटार कॅब स्पष्टपणे धरलेली आहे, मग प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेतले तरी. पण कराराबाहेरचे प्रवासी प्रवासात मध्येच घेणे किंवा उतरवणे कंत्राटी वाहनाला चालत नाही, असेही तीच व्याख्या सांगते. हिंगणघाटला एक, नांदोरीला दुसरा आणि जामला तिसरी सवारी घेतल्यावर ती टप्पा वाहतूक ठरते. ती एसटीसारख्या टप्पा परवान्याच्या गाड्यांनी करायची असते. परवान्याच्या अटींच्या अशा भंगाला कलम 192-अ लागते आणि पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आहे.

मी पोराच्या नावाने ई-चालान करतो आहे हे दिसताच गर्दीत शिट्ट्या वाजल्या. मग मी काकांना जवळ बोलावून हीच व्याख्या पुन्हा समजावून सांगितली, आणि गिरडच्या नंबरावर उभी असलेली जीप दाखवली. ती मॅक्सी कॅब, म्हणजे सहाहून जास्त, बारापर्यंत प्रवासी नेणारी गाडी; कायद्यात तीही कंत्राटी वाहनच. जामहून निघून प्रत्येक फाट्यावर माणूस उतरवत आणि चढवत जाणे हा तर तिचा रोजचा धंदा. शिट्ट्या थांबल्या. काका शांतपणे म्हणाले, “मंग साहेब, रात्री आठले गिरडच्या मानसानं कसं जावं?”

या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. तरी काळी-पिवळीचे गुणगान करण्याची माझी इच्छा नाही. फाळक्यावर माणसे लटकवून, टपावर पोती टाकून सुसाट निघालेल्या जीपगाड्या मी पुष्कळ अडवल्या आहेत आणि त्यांचे अपघातही पाहिले आहेत. पण नंबराची शिस्त ही काही नुसती मक्तेदारी नव्हे. ज्याचा नंबर आला त्याला निम्म्या सीटवरही आडगावाला जावे लागते, आणि तो खड्डा स्पेशलच्या कमाईतून भरून निघतो. एसटीने 2022 मध्ये 75 वर्षांवरील प्रवाशांना मोफत आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास दिला. ही सवलत योग्यच आहे, माझी आईही तिचा लाभ घेते, पण जीपच्या अर्ध्या सवाऱ्या तेव्हाच गेल्या. राहिली होती स्पेशल. ॲपने तिच्यावरच घाला घातला, कारण नागपूरहून समुद्रपूरला यायला आता कोणी जाण्या-येण्याचे पैसे कशाला मोजेल? म्हणजे पूर्वी रिकाम्या फेरीचे पैसे प्रवासी देत होता, आता ते त्या नागपूरच्या पोराच्या अंगावर पडले, आणि त्याने ते काकांच्या रांगेतून वसूल करायला सुरुवात केली. दोन्हीकडच्या माणसांना ते भांडण एकमेकांशी आहे असे वाटत होते.

रस्ता अडवणाऱ्या काळी-पिवळीचे कागद पाहणे मला भागच होते. तिचे फिटनेस संपलेले निघाले आणि तिचेही चालान झाले. तक्रार करणाऱ्याचीच गाडी अडकल्यामुळे दोन-तीन तरुण चालक माझ्या अंगावर धावून आले, त्यांना काकांनी शिव्या देऊन मागे सारले. हवा कोणी सोडली याची चौकशी पोलिसांनी हाती घेतली, पण चौरस्त्यावर कोणीच काही पाहिलेले नव्हते. तान्हे मूल घेतलेल्या ताई एव्हाना एसटीत बसून अर्ध्या तिकिटात नागपूरच्या वाटेला लागल्या होत्या. त्यांच्या मागोमाग बाल्या आपल्या मामांना हाताला धरून चढला.

पुढे त्या स्टँडवर एक तोडगा निघाला, त्याला कागदावर कुठेच जागा नाही. नागपूरची ॲपगाडी हिंगणघाटहून रिकामी यायची, जामला काकांच्या वहीत नंबर लावायचा आणि नागपूरच्या सवाऱ्या येथूनच एकदम भरून मध्ये कुठेही न थांबता जायचे. त्या बदल्यात, आडगावाला जाणारा ॲपचा प्रवासी असला तर त्याला जामला उतरवून जीपमध्ये बसवून द्यायचे. गंमत अशी की ही पद्धत कायद्याच्या व्याख्येत जवळजवळ बसते, कारण सगळ्या सवाऱ्या एका ठिकाणी चढतात आणि एकाच ठिकाणी उतरतात. जीपगाड्या मात्र आजही फाट्याफाट्यावर थांबतात आणि मला त्या दिसल्या की मी चालान करतो.

एकदा तपासणीच्या वेळी काकांनी मला बाजूला घेऊन विचारले, की या वहीबद्दल त्यांच्यावर काही कारवाई तर होणार नाही ना. मी त्यांना सांगितले, की ज्या कलम 93 खाली ॲप कंपनीला परवाना घ्यावा लागतो, त्याच कलमात गाड्यांसाठी प्रवासी जमवून देणारा एजंटही येतो. काका हसले. “म्हंजे मी बी कंपनीच झालो म्हना ना!” गाडीमागे जे 20 रुपये वहीत ‘नंबर’ म्हणून लिहिले जात होते, ते तेव्हापासून ‘चहा’ म्हणून लिहिले जातात.